बळ म्हणजे कुठली बाजू

माझं नाव लिहू नका आणि पोलीस ठाण्याचंबी लिहू नका, बाकी सगळं लिहा. मी मूळची कर्नाटकातल्या दुबलगुंडीची, घरी मराठी, शाळा कन्नड, बाजारात दखनी, भांडण कुठल्या भाषेत सुरू झालं आणि कुठल्या भाषेत मिटलं हे आमचं आम्हालाबी सांगता येत न्हाई. अप्पांकडं ट्रॅक्टर व्हता. भाऊ थोरला, पण त्याला ट्रॉली मागं घ्यायला जमायचं न्हाई, ट्रॉली एकीकडं आणि हा एकीकडं, तवा अप्पा वैतागून म्हणले, उतर खाली, पोरीला बसू दे. मी बसले ती बसलेच. पुढं पोलिसात भरती झाले, बंदोबस्त केला, जत्रा, मोर्चे, निवडणुका, उभं राहून राहून पायाच्या शिरा फुगल्या, मग अर्ज केला की मला गाडीवर घ्या. सगळे हसले. एक हवालदार म्हणला, अक्का, स्टेअरिंग म्हणजे परात न्हाई. मी म्हणलं, परातीत पीठ मळून बघा एकदा, खांदे कुठं असतेत ते कळंल.

आम्हाला शिकवलं उस्तादांनी. खात्यातलेच जुने ड्रायव्हर, सगळे त्यांना उस्तादच म्हणायचे. माझ्या तुकडीत दत्तू व्हता, हळ्ळीखेडचा, माझ्यापेक्षा लहान, मला अक्का म्हणायचा. शिकायचं ते जुन्या जीपवर. काय सांगू तुम्हाला त्या जीपचं, क्लच दाबायला मांडी भरून यायची, ब्रेक आधी एकदा दाबायचा, मग पुन्हा दाबायचा, तवा कुठं ती ऐकायची, आणि स्टेअरिंग तर विचारू नका, अर्धं चाक फिरवलं तरी गाडी आपली सरळच. वळणावर उस्ताद बाजूच्या सीटवरून ओरडायचे, बळ! बळ लाव, बळ! आणि आम्ही दोन्ही हातांनी, दात आवळून, ज्या बाजूला वळायलाव त्याच बाजूला आणखी ओढायचो. डावं-उजवं असलं उस्तादांच्या तोंडात कधी नव्हतंच. ड्रायव्हर साईड आणि क्लीनर साईड, बस्स. क्लीनर साईड म्हणजे डावी. त्यांची बोली आमच्या अंगात अशी शिरली की घरी मी नवऱ्याला म्हणायची, मिठाचा डबा क्लीनर साईडला हाय.

आता नव्या गाड्या आल्या. उंच, बंद काचा, आत गारवा, पडद्यावर नकाशा. गस्त घालताना पाठ दुखत न्हाई, हे मी नाकबूल करणार न्हाई. पण जुन्या जीपमध्ये बाहेरचं सगळं ऐकू यायचं, कुणी हाक मारली, कुठं भांडण लागलंय, मागून ट्रक आलाय. नवीत काहीच ऐकू येत न्हाई, आणि स्टेअरिंग एका बोटानं फिरतंय. ती फिरतेबी तशीच, जरा हात जास्त गेला की गाडी तिकडंच. वरून उंच, म्हणजे कडेला गेली की कलंडायची भीती. जुनी जीप रस्ता सोडून शेतात उतरली तरी चारी चाकांवर उभी राहायची. नव्या गाडीचं शिक्षण म्हणजे एका दुपारी एक पोरगा आला, पडदा कसा लावायचा, कॅमेरा कसा बघायचा ते दाखवलं, चहा झाला, फोटो झाला. दत्तूनं विचारलं, चालवून कधी बघायचं? तर म्हणले, तुम्ही तर जुने ड्रायव्हर, तुम्हाला काय शिकवायचं.

उसाचे दिवस व्हते. दुपारी गस्त चालू, गाडी दत्तू चालवायलाय, शेजारी आमचे सबइन्स्पेक्टर साहेब, नवीन आलेले, म्हैसूरकडचे, वयानं लहान पण माणूस चांगला, आणि मागच्या सीटवर मी. पुढं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागची हेलकावे खायलीय. एकाएकी ट्रॅक्टर थांबला. दत्तूनं सवयीनं क्लीनर साईडला जरासं काढलं, तेवढ्यात साहेब ओरडले, बल! बल! कन्नडमध्ये बल म्हणजे उजवी. समोरून रस्ता मोकळा व्हता, उजवीकडं काढ म्हणत व्हते, बरोबरच व्हतं त्यांचं. दत्तूला कन्नड येत न्हाई असं न्हाई, त्याची बायको शारदा आळंदकडची, घरात दोघं कन्नडच बोलतेत. पण त्या वेळेला त्याच्या कानात उस्ताद ओरडले. ल का ळ, ते कोण ऐकत बसतंय? त्यानं दोन्ही हातांनी, दात आवळून, चाक आणखी डावीकडं ओढलं. नवी गाडी, एका बोटाची. गेली ती काळ्या रानात जाऊन आडवी झाली. साहेबांचा हात मोडला, दत्तूच्या कपाळाला टाके पडले, मला गुडघ्याला मार लागला, तो अजून जिना चढू देत न्हाई.

साहेबांनी जबाबात खरं तेच सांगितलं. मी उजवीकडं म्हणलो, यानं डावीकडं घेतलं. झालं. कुणी म्हणलं, पिऊन व्हता. कुणी म्हणलं, साहेबावर राग व्हता. दत्तू निलंबित झाला, आणि नोकरीवरून काढायचीच भाषा सुरू झाली. साक्षीदार मी एकटी.

जबाबाच्या आदल्या दिवशी तो आणि शारदा माझ्या घरी आले. शारदा चहा न घेता बसून राहिली. दत्तू म्हणला, अक्का, ब्रेक लागला न्हाई असं सांग. मी म्हणलं, ब्रेक लागला व्हता, मागं बसून माझं डोकं पुढच्या सीटवर आपटलंय. तो म्हणला, तेवढं सांग की गं, तुझं काय जातंय? मी म्हणलं, माझं जात न्हाई, ज्या मेकॅनिकनं सकाळी गाडी तपासली त्याचं जातंय, त्यालाबी लेकरं हायत. म्हणलं, खरं झालं तेच उद्या सांगते, साहेब बल म्हणले, तू बळ ऐकलंस. तर तो उसळला, म्हणजे डावं-उजवं कळत न्हाई असं सगळ्यांपुढं सांगणार का माझं? पिऊन व्हतो म्हण त्यापेक्षा! शारदा तवा पहिल्यांदा बोलली. म्हणली, अक्का, तुम्हाला जे सांगायचं ते सांगा, माणूस कामावर राहिला पाहिजे.

चौकशीचे साहेब मोठे, कोरड्या तोंडाचे. मी सगळं सांगितलं, उस्ताद, बळ, क्लीनर साईड. ते म्हणले, इतकी वर्षं कर्नाटकात नोकरी करायलाव आणि कन्नड कळत न्हाई? मी म्हणलं, सर, आता तुमच्याशी मी कुठल्या भाषेत बोलायलेय? कन्नडच की. डोक्याला कळतंय, हातांना कळत न्हाई. ते जरा हसले, म्हणले, गोष्ट चांगली हाय. मला राग आला. म्हणलं, मैदानात नवी गाडी आणा, उस्तादांच्या हाताखालचा कुणीबी बसवा, तुम्ही शेजारी बसा आणि वळणावर ओरडा. ते म्हणले, दुसरा कशाला, तुम्हीच बसा.

बसले. मैदान मोकळं, गाडी सावकाश. मला सगळं ठाऊक, ते काय ओरडणार, का ओरडणार. मनात घोकत व्हते, बल म्हणजे उजवी, बल म्हणजे उजवी. डावीकडं वळले, आणि ते माझ्या कानापाशी एकदम ओरडले, बल! माझे हात डावीकडंच गेले हो. पूर्ण. गाडी गर्रकन फिरली, धूळ उडाली, साहेबांची टोपी खाली पडली.  ती उचलून झटकत म्हणले, असे किती ड्रायव्हर हायत तुमच्यात? तवा माझ्या ध्यानात आलं मी काय करून बसले ते. खोटं बोलून सुटका नव्हती, म्हणलं, उस्तादांचे सगळेच.

दत्तूची नोकरी राहिली. पण चाक गेलं ते कायमचंच, त्याला फाटकावर पहाऱ्याला टाकलं. बाकी आम्हा सगळ्या जुन्यांना गाडीवरून उतरवून पुन्हा शिकायला पाठवलं, आमच्यापेक्षा निम्म्या वयाच्या पोरांसोबत. सगळे माझ्यावर चिडले. एक जण जेवताना म्हणला, या अक्कामुळं आम्ही पुन्हा पहिलीत. म्हणलं, पहिलीत नीट शिकला असता तर आज दहावीत असता. हसले न्हाईत कुणी. शिकवणारे आता लेफ्ट-राईटच म्हणतेत, दुसरा शब्द गाडीत न्हाई. मी पास झाले, बाकीचेबी हळूहळू झाले, दोघं तिघं न्हाई झाले, ते ऑफिसात टपाल बघतेत आणि मला बघून तोंड फिरवतेत.

मी पुन्हा गाडीवर हाय. अजूनबी शेजारचं माणूस मोठ्यानं बोललं की माझी मूठ आवळतीय, आणि मग मला भीती वाटतीय की हे हात माझे हायत का उस्तादांचे. कुणाला सांगत न्हाई, तुम्हाला सांगायलेय.

सकाळी गस्तीला निघताना फाटक दत्तू उघडतो. शेजारी साहेब असले की त्यांना सॅल्यूट करतो, माझ्याकडं बघत न्हाई. मी काच खाली करून बोलायचं सोडून दिलंय, त्याला अवघड, मलाबी अवघड. परवा बाजारात शारदा भेटली, धाकट्याचं कॉलेजात नाव घातलं म्हणून सांगितलं, घरी या म्हणली. मी म्हणलं, येते, पण त्यानं स्वतः बोलावल्यावर. तो बोलावणार न्हाई हे तिलाबी ठाऊक. ऱ्हाऊ द्या. त्यानं मला शिव्या द्याव्यात, तोंड फिरवावं, काय करायचं ते करावं, पण रोज वर्दी घालून कामावर यावं. देवानं त्याला धडधाकट ठेवावं आणि ते फाटक रोज त्याच्याच हातानं उघडावं, माझं काय, मी गाडी बाहेर काढते आणि जाते.