खालची कवळी

—हो हो, माझ्याच हातची आहे, नाही कशाला म्हणू? तुम्ही रुमाल सोडलात तेव्हाच ओळखली. बसा ना साहेब, उभे का? ती खुर्ची पुसलेली आहे. पांढरं दिसतंय ते साच्याचं प्लास्टर, कपड्यांना लागलं तरी झटकलं की जातं. नाही? बरं, उभे राहा. घासायच्या मशीनचा आवाज होतोय ना? असू द्या हं, ते एकदा थांबलं की लवकर सुरू होत नाही, जुनं झालंय, आणि नवीन बाहेरून मागवावं लागतं, आणि बाहेरून आता काही येत नाही — म्हणजे मी तक्रार करत नाहीये. आपलं उगाच सांगितलं.

तर कवळी. द्या इकडे. सासऱ्यांचीच. खालची. हे मी कशाला लपवू, जावयानं सासऱ्यांना दात करून दिले हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. बायको तर अजून ऐकवते, माझ्या माहेरासाठी तुम्ही एवढंच केलंत म्हणून! पण त्याला झाली की वर्षं. गेल्या हिवाळ्यात ते घर सोडून गेले, तेव्हापासून ते कुठे आणि मी कुठे. तोंड पाहिलं नाही मी त्यांचं. आणि माझ्या धंद्यातला माणूस तोंड पाहिलं नाही म्हणतो, तेव्हा खरंच पाहिलेलं नसतं, काय? हसा की साहेब. बरं, राहिलं.

कुठे मिळाली म्हणालात? बेकरीच्या वरच्या खोलीत? परवा धाड घातलीत तिथे — पाण्याच्या पेल्यात? असेल असेल, ती त्यांची खोडच. लोक नीट बोलता यावं म्हणून कवळी बसवतात, आणि आमच्या सासऱ्यांना बोलायचं असलं की हे आधी ती काढून पेल्यात टाकणार. हिच्यामुळे जीभ अडते म्हणायचे. बोळक्या तोंडानं देश सावरायला निघाले! समोरच्याला निम्मं कळायचंच नाही. म्हणून तर मी म्हणतो, अशा माणसाच्या बोलण्याची सरकारनं एवढी कशाला — नाही, नाही. सरकारला योग्य वाटेल ते.

काय बोलायचे? मला काय माहीत, मी आपला मान खाली घालून मेण वितळवत बसायचो. तेच ते हो. जन्मभर सरकारी कचेरीत धान्याचे आणि कारखान्यांचे आकडे जुळवले ना, ते काही डोक्यातून जाईना. म्हणायचे, पहिल्यांदा खरे आकडे चौकात लावा — पीक किती आलं, नोटा किती छापल्या, किती पोरं देश सोडून गेली. आजाऱ्याचा ताप लपवायचा आणि औषध द्यायचं, हे जमणार कसं? मग म्हणायचे, दवाखान्यांचा जो मंत्री असेल त्याच्या आईला सरकारी दवाखान्यातलीच खाट द्या, बघा गाद्या बदलतात की नाही. कारखाने पुतण्याभाच्यांकडून काढून घ्या, ज्यांना चालवता येतात त्यांच्या हातात द्या. खुर्ची कोणालाही दोनदाच, मग तो कितीही मोठा असो. आणि तुरुंगात घातलेल्या शिकल्यासवरल्या माणसांना बाहेर काढून कामाला लावा, गेलेली पोरं आपल्या पायांनी परत येतील. साहेब, खोटं कशाला बोलू, ऐकताना वाटायचंच, अरे, ह्यात अवघड काय आहे? हे तर होण्यासारखं आहे! माझा मुलगा इंजिनियर आहे, तिकडे परक्या मुलखात हॉटेलात भांडी घासतोय, तो येईल की परत, असं मनात यायचं — तेव्हा यायचं. आता नाही येत. आता माझ्या मनात काहीच येत नाही, लिहून घ्या हवं तर.

घाबरलोय का? घाबरलोय ना. ह्यात लाजायचं काय. दार वाजलं की आधी फटीतून बघतो, दूधवाला असला तरी बघतो. समोरचा शिंपी गेला ना — कुठे गेला ते तुम्हाला माहीत असेल, आम्हाला नाही — त्याच्या दुकानात एका बाहीचा शर्ट अजून लटकतोय. मी येता-जाता तिकडे बघत नाही. आमच्या घरात तर रेडिओची पंचाईत झालीय. लावला तर कोणतं स्टेशन लावलं म्हणून भीती, बंद ठेवला तर भाषण का ऐकलं नाही म्हणून भीती. शेवटी लावतो आणि आवाज अगदी बारीक करतो. मी साधा माणूस आहे साहेब, लोकांना चावता यावं एवढंच बघतो.

काय म्हणता? कोणी म्हातारा सापडला तर त्याच्या तोंडात बसवून बघणार? कल्पना झकास आहे, पण तिच्यावर फार विसंबू नका. धंद्यातलं सांगतो. हिरड्या आटतात. माणूस खंगला, जेवण तुटलं, की गेल्या वर्षी चपखल बसलेली कवळी यंदा हलायला लागते आणि कुठेतरी एका जागी टोचते. कुठे, ते मलाही सांगता यायचं नाही, मी स्वतः केलेली असली तरी. तोंड उघडायला लावायचं, लाल कुठे झालंय ते बघायचं, बोट लावलं की माणूस कळवळतो, बस, तेवढीच जागा घासायची, अगदी केसभर. नुसती कवळी हातात घेऊन कोणालाच कळणार नाही. तेव्हा त्यांना ती आज बसेल की नाही हे मी कसं सांगू? इतके महिने तोंड न बघता मी—

काय? हाताला काय झालं?

ही — ही मशीनवर कधी धरली मी? सवय हो, सवय साहेब! हातात कवळी आणि समोर मशीन फिरतंय, बोलता बोलता हात आपोआप... हो, घासली गेली थोडी. डावीकडे. आतल्या अंगाला. तिथेच का म्हणजे? सहज. कुठेही घासली असती. खडबडीत लागली बोटाला, म्हणून. नव्हती? खडबडीत तर ही उजवी कड आहे — हो, दिसतंय मला. उजवीकडे मी हातच लावला नाही, तेही दिसतंय. अहो, तिथे टोचतच नाही त्यांना, डावीकडे केवढा फोड आलाय, पाण्यात भिजवलेला पावसुद्धा गिळवत नाही, मी कालच म्हटलं त्यांना, कवळी हातात असती तर आत्ता घासून—

नाही.

साहेब, मी काही बोललो नाही. माझं डोकं ठिकाणावर नाही, मी काहीही बरळतो, बायकोला विचारा. मशीन? बंद कशाला? मघाशीच सांगितलं ना, थांबलं की सुरू होत नाही. वर कसला आवाज येणार? वर जुने साचे पडलेत नुसते. म्हातारा माणूस आहे हो, त्याला खोकला आवरत नाही, त्याचा काय दोष — फक्त बोललाच ना तो? बोललाच फक्त!

बरं. बरं, बटणाला तुम्ही नका हात लावू, शॉक बसतो. मी करतो. एवढी कवळी धरा. धुऊन द्या त्यांना, पावडर राहिलीय तिच्यावर. सांगा, आता टोचणार नाही.

हो. करतो बंद.