मोगऱ्याच्या दिवसांत अकोल्याला

आजच्या निरोप समारंभाचे माननीय अध्यक्ष, सरपंच उत्तमराव, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, आपल्या दवाखान्याच्या नर्स गीताबाई, आणि जमलेल्या जानेफळच्या बंधुभगिनींनो,

गेल्या सोमवारी सकाळी मी परसातल्या मोगऱ्याला पाणी घालत होतो. आमची मंडळी, अन्नपूर्णाबाई, देवासाठी कळ्या खुडायला वाकल्या आणि पोट धरून वाकलेल्याच राहिल्या. घागर माझ्या हातात तशीच. पाय हलेनात.

गीताबाईंची सोनाळ्याला बदली झाली, म्हणून आपण जमलो आहोत. त्यांच्याविषयी बोलायचं तर मला माझ्या भीतीविषयीच बोलावं लागेल. अध्यक्षांनी एवढी मोकळीक द्यावी.

आषाढात, तेरडा उगवत होता तेव्हाच अन्नपूर्णाबाईंना तपासून गीताबाईंनी सांगितलं, "पोटात गाठ हाये, अकोल्याले नेऊन काढून घ्या." मी म्हटलं, रस्ते चिखलाचे, दसरा होऊ द्या. दसऱ्याला म्हटलं, शेवंती फुलायची आहे, थंडी जाऊ द्या. कोणतं झाड कधी हलवावं हे मला कळतं हो! पण यंदा कोणतंही नवं फूल पाहिलं की एकच मनात येई: पुढच्या वर्षी हे खुडायला या असतील का? देवापुढे बसलो तरी मागणं ओठावर येत नसे. मागितलं, आणि त्यानं नाही म्हटलं तर?

फाल्गुनात बाई फाटकातूनच ओरडल्या, "महादेवभाऊ, अजून काऊन नेलं नाही?"

"ऊन तापून राह्यलं बाई. आता हलवलेलं रोप सुकते. मिरगानंतर नेतो."

"रोप बोलत नाही, म्हणून तुम्ही अंदाज करता. ह्या तं सांगून राह्यल्या, कुठं दुखते ते!"

ओट्यावरून अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "न्याचं असन तं मुळाच्या मातीसकट न्या म्हणा यायले. नाही तं मी तिथं जीव नाही धरणार."

दोघी हसल्या. मी आत जाऊन उगाच चुलीतली लाकडं सारत बसलो.

तर त्या सोमवारी शेजाऱ्यांनी बाईंना बोलावलं. त्यांचं सामान अर्धं बांधून झालं होतं, तरी धावत आल्या. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं, "भेव वाटते ना?"

"हाव."

"मलेही वाटते. चाला, मेहकरची गाडी निघाची हाये."

रोज दुखणी पाहणारी बाई भिते, हे ऐकून माझ्या पायांत बळ यावं, हे नवल नाही का? मेहकरमार्गे थेट अकोल्यापर्यंत त्या आमच्या सोबत आल्या.

गीताबाई, सोनाळ्याच्या लोकांना तुमचा लाभ होवो. सभेनं शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, आवाज कापला असेल, तर पोटात घाला. मला आता संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं आहे. अन्नपूर्णाबाई अकोल्याच्या दवाखान्यात आहेत, जवळ त्यांची बहीण आहे. उद्या सकाळी ऑपरेशन. डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढे केला तेव्हा डोळ्यांपुढे अक्षरं हलत होती. पण काल मी सही केली आहे.