फणसाकडचं दार

न्हाय न्हाय, कुऱ्हाड ठेव खाली रवळू — आक्का म्हणतोस न्हवं मला, मग ऐक, त्या मुळीला हात लावायचा न्हाय. म्हाईत हाय, नेमकी ह्या नव्या खोलीच्या दाराच्या खांबाखाली आलीया, मग खड्डा वीतभर सरकव की. सरकवलास? तिकडंबी मुळीच? असणारच, सासऱ्यांच्या हातचा फणस हाय ह्यो. म्हणून तर सरळ चर मारू नको म्हटलं — हातानं खड्डे काढ, मुळ्यांच्या मधनं खांब उतरव, भिंतीचं ओझं जमिनीच्या वरच तुळईवर घे. समोरच्या मालुबाईनं न्हाणीसाठी मुळ्या तोडल्या, तिचा आंबा उभ्या उभ्या वाळला. ह्यो वाळला तर घरावरच यील.

काय? दार गल्लीकडं? न्हाय. दार फणसाकडंच पायजे. का म्हंजे — सावली असती, भाडेकरूला सावली नको व्हय? गल्लीकडं मालुबाईचा कट्टा, दिवसभर बायका बसलेल्या — कोण आलं, किती दिस ऱ्हाणार, नवरा का सोबत न्हाय, लेकीला असं कसं आणलं —

असं बघू नको रं. व्हय, भाडेकरू न्हाय. माझी लेक तेजस्वी येतीया बोरगावासनं, सासरहून, उद्याच्या गाडीनं. परत जायाची न्हाय. खोली हुईस्तोवर माझ्याजवळ निजंल, पण तिला तिचं दार पायजे, आतनं कडी घालता यील असं. मारायचा रं तिला नवरा. आणि मला काय सुचतंय, तर तिला झाडामागं लपवायचं. लाज वाटती — तिची न्हाय, त्या कट्ट्यावरच्या तोंडांची. काल फोनवर रडलीबी न्हाय पोरगी. फणस लागलेत काय, एवढंच विचारलं. लई लागलेत म्हटलं.

मुळी तोडायची, न्हायतर दार फिरवायचं — दोनच वाटा म्हणतोस? तिसरी न्हायच?

... बरं. गोणपाट भिजवून टाक त्या मुळीवर, उघडी पडून सुकाय लागली बघ, मग माती लोट. आणि दाराच्या आखणीची ही दोरी सोड. दार गल्लीकडं काढ — मालुबाईच्या कट्ट्यासमोर, अगदी समोर. फणसाकडं खिडकी ठेव मोठी, तिला झाड दिसू दे.

पुन्हा काय विचारतोस? न्हाय बदलायची मी. उजेड हाय तोवर खण की.