‘डिपार्ट’मध्ये ‘येतो’ नाही

हसू नका, ऐका तर खरं. इंग्रज जाऊन पाच-सात वर्षं झाली, तरी आमच्या शेजारच्या रामोजीरावांचं इंग्रजी काही गेलं नव्हतं. त्या सकाळी पट्टीश्वरमला निघताना बायकोला म्हणाले, “अंबू, आय डिपार्ट!”

मी आमच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, भाजी निवडत बसले होते. विचारलंच, “म्हणजे काय हो, भावोजी?”

“प्रस्थान करणं. मोठ्या लोकांचा शब्द आहे.”

“आणि त्यात परत येणं कुठे बसतं?” अंबूनं आतून विचारलं.

“बसत नाही. नुसतं जाणं.”

“मग जळो तो शब्द! ‘येतो’ म्हणा आणि निघा.”

ते ‘येतो’ न म्हणताच हसत वळणापार गेलेसुद्धा. अंबू सकाळभर दारात येऊन वळणाकडे बघून जात होती.

दुपारी त्यांच्या दारातून रामोजीरावांचा आवाज आला, मीही ऐकला. “अंबू, येतो गं.”

“या, या!” अंबू आतून सुटका झाल्यासारखी म्हणाली.

गल्लीत कोण येतं-जातं ते माझ्या नजरेतून सुटत नाही. दारात कुणीच नव्हतं.

थोड्या वेळानं बैलगाडीतून रामोजीरावांना आणलं. सकाळीच वाटेत कोसळून त्यांचा प्राण गेला होता.

अंबू अजून दाराला कडी घालू देत नाही. म्हणते, “ते येतो म्हणालेत, आणि मी या म्हटलंय.”