उंबऱ्याखालचा रुपया

अरे, मेटल डिटेक्टर मीपण फिरवलाय, शारजात! सत्त्याण्णव साली एका जुन्या घराची डागडुजी करत होतो. मालक, म्हणजे आमचा अरबाब, म्हातारा अरब, पण हिंदी झकास. अंगणात आजोबांची नाणी पुरलेली आहेत, असं त्याच्या डोक्यात.

उंबऱ्यापाशी मशीन कोकललं. "यल्ला, खोदो!" म्हातारा ओरडला. वीतभर खाली रुपया निघाला. आपला, कोरा करकरीत! सोबत सुपारी आणि हळद.

"ये किसने डाला?"

आमचा गुहागरचा गवंडी सदू पुढे झाला. "हमने, अरबाब. काम चालू किया तब. घर टिकना चाहिए ना."

मला वाटलं, खलास, गेली याची नोकरी.

म्हाताऱ्याने रुपया निरखला, परत खड्ड्यात ठेवला आणि काळजीने विचारलं, "घर बड़ा है. एक से चलेगा?"