दोन तारांचा सेन्सर

हॅलो? … हो, संपदाच. बोल दादा. … गाडी? पुन्हा?

थांब, थांब. आई-बाबांचं माझ्याकडे यायचं विमान किती वाजता? … साडेपाचला ना? मग गाडी ड्राइव्हवेत काय करतेय? … पेट्रोल भरून आणलंस, बंद केलीस, आणि आता सुरूच होत नाही. हं. काळा धूर? … पेट्रोलचा वास? … वा. आणि हे महिनाभर चाललंय.

काय काढलंस? … थर्मोस्टॅट? कोणी सांगितलं? … बाळासाहेबांनी? पुण्याच्या गॅरेजवाल्या? फोनकार्ड लावून विचारलंस? अरे, तिथे इंजिन थंड राहावं म्हणून उन्हाळ्यात काढून फेकतात लोक, तेही चूकच. इथे जुलै म्हणजे ऐन कडाक्याची थंडी! … हो, हीटर गार हवा फेकतोय, फेकणारच. सख्खी बहीण याच देशात, हॉर्नबीत रोज गाड्या उघडते, आणि हा माउंट रॉस्किलहून पुण्याला फोन लावतो! धन्य आहे तुझी.

… हळू बोल म्हणजे? … आई आत आहे, बरं. तीन वर्षं हळूच बोलतोय आपण. … नाही, उद्याची रजा टाकली नाहीये. आणि हो, वाचला तुझा मेसेज, ‘एअरपोर्टला फॉर्मल्स घालून ये.’ लाज वाटते तर सरळ म्हण ना! … मग त्यांना ‘ऑफिसात असते’ कोणी सांगितलं? मी?

जाऊ दे, बॉनेट उघड. … रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नकोस! भाजशील. … तापमानाचा काटा वर चढत नाही, माहितीये. म्हणून तू नवा सेन्सर टाकलास? एका तारेचा? … अरे देवा, तो नुसता काट्याचा. इंजिनच्या कॉम्प्युटरचा वेगळा असतो, दोन तारांचा. शेजारीच बघ. … हिरवा प्लग? तोच. काढ.

मीटर आहे ना? इलेक्ट्रॉनिक्सचं गोल्ड मेडल आहे तुझं, भिंतीवर लावलंयस. … एक हात पुरत नाही? मग फोन स्पीकरवर टाक.

ऐकू येतंय? ओहमवर ठेव. दोन पिनांना दोन टोकं. … किती? … दोन हजार चारशे? पाइप गरम आहे ना? … मग पाचशेच्या आत यायला हवं. मेलाय तो. कॉम्प्युटरला वाटतंय इंजिन गारठलंय, म्हणून ओततोय पेट्रोल. एवढं कळायला बाळासाहेब लागतात?

प्लग परत लाव. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाब, म्हणजे पेट्रोल ओतायचं थांबेल, आणि स्टार्टर मार. … सोडू नकोस रे! मार अजून. …

झाली ना? ऐकू आली मला. आता एअरपोर्टपर्यंत बंद करू नकोस.

… कोण? … आई? तू कधीपासून उभी आहेस तिथे?

… हो, मीच सांगत होते त्याला. … नाही गं, ऑफिसात नाही शिकवत हे. … आई, ऑफिस नाहीये. गॅरेज आहे. गाड्या दुरुस्त करते मी. तीन वर्षं झाली. … दादाला सगळं माहीत होतं.

… आई? बाबांनाही सांग.

… बाबा काय म्हणतायत? … आधी गॅरेज बघायचंय? विमानतळावरून थेट? … अगं, या ना! चालेल काय, या! … नाही, रडत नाहीये. … हो, हात धुऊनच जेवते. फक्त ती मोतिया साडी नेसू नकोस, ग्रीस लागेल.

दादाला दे. … दादा, इंजिन का ऐकू येत नाही? … बंद केलंस? आई बोलत होती म्हणून?

नको, आता काही करू नकोस. हात लावू नकोस कशाला. टॅक्सी बोलव त्यांच्यासाठी. … आणि फॉर्मल्सचं विसर. कामाच्या कपड्यांतच येतेय मी त्यांना घ्यायला. ठेव.