गुरुजी गच्चीवर आहेत तोवर

— नाही, तो ग्लास खाली ठेव आधी, मी सांगेन तेव्हा पी. गव्हांकुराचा रस आहे तो — गवत गं, हिरवं गवत, वाटून गाळून दिलंय. बस पाटावर, पाय मोकळे सोड. काल धुळ्याला मुक्काम केलात म्हणे, अन् पहाटेची एस.टी. धरून जळगाव — दिसतंयच तोंडावर. तुझे सासरे लोटनभाऊ आमच्या गुरुजींच्या शेजारी गच्चीवर उघड्या अंगानं सूर्यस्नान करतायत, पिंपळनेरच्या माणसाला ऊन खायला जळगावला यावं लागतं, हे एक आमच्या गुरुजींनाच जमतं. दहा वाजेस्तोवर दोघं खाली उतरत नाहीत. जिना लोखंडाचा आहे, पहिल्या पायरीवर पाय पडला की मला इथं कळतं. तोवर हे स्वयंपाकघर माझं — स्वयंपाकघर म्हणायचं आपलं, गॅस आठवड्यातून दोनदा पेटतो. घे, गाजरं किस माझ्याबरोबर. नुसती बसून राहिलीस तर मी फार बोलते. तशी किसत बसलीस तरी बोलतेच.

खरं सांगू? कुणाजवळ बोलू नको — मला हे पथ्याचं काही पटत नाही. आहाराचार्य लीलाधर गुरुजींची बायको असं बोलते म्हटल्यावर लोक मला दगड मारतील, भुसावळपासून लोक येतात ह्या घरी, आकाशवाणीवर दोनदा भाषण झालं त्यांचं. पण कच्चं खाणं म्हणजे आरोग्य असतं तर आमच्या वडलांची गुरं शंभर वर्षं जगली असती. यावलकडची मी, केळीच्या बागेतली. अन् माझं दुसरं पाप ऐक, मला केळं आवडत नाही. लहानपणापासून नाही. इथं रोज सकाळी दोन, बत्तीस वेळा चावून. केळं काय चावायचं असतं वं माय? तोंडात गेलं की संपलं, मग तीस वेळा नुसती हवा चावत बसते, अन् समोर हे बोटावर मोजतायत. अन् भरीत! जळगावात राहून बिनतेलाचं भरीत खाणारं हे एकच घर असेल. हिवाळ्यात लोक शेतात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजतात, हिरव्या मिरच्या ठेचतात, तेल असं कडेनं सुटलं पाहिजे — अन् आमच्याकडे वांगं उकडून, वर ताक. ते वांगंसुद्धा लाजत असेल गं. तेल वाईट, तेल वाईट! अरे, तेलाशिवाय बिजागरी वाजते, माणूस नाही वाजणार?

हसलीस. हसतेस चांगली. सकाळपासून पहिल्यांदा हसलीस.

आणखी एक सांगते, हे तर मी आमच्या मुलालाही कधी बोलले नाही. सगळे म्हणतात घरचं अन्न पथ्याचं, बाहेरचं विष. मी म्हणते, बाईमाणसाला सगळ्यात पथ्याचं अन्न कोणतं? दुसऱ्यानं वाढलेलं! मग ते कुठलंही असो. एकदा भुसावळ स्टेशनावर माझी गाडी चार तास लेट झाली, एकटी होते, ह्यांनी गाजराचा डबा दिला होता तो मी बाकावर तसाच ठेवला अन् कँटीनमध्ये जाऊन बसले. एका माणसानं माझ्यापुढं ताट आणून ठेवलं. पुरी होती, बटाट्याची भाजी, पांढऱ्या कांद्याची फोड. ‘आणखी काही पाहिजे का बाई’ म्हणाला. मला रडू आलं. तो घाबरला, म्हणाला, तिखट झालं का? त्या रात्री मला जशी झोप लागली तशी हे पथ्य घरात आल्यापासून बारा वर्षांत लागली नाही. सांग आता, ते अपथ्य होतं का औषध होतं?

तू म्हणशील, मग गुरुजी लबाड आहेत का? नाही गं, नाही. लबाड असते तर बरं झालं असतं, मी मुलाकडे निघून गेले असते, लोकांनीही मलाच शहाणी म्हटलं असतं. ते एक पै घेत नाहीत कुणाची. स्वतःचा दमा ह्याच पथ्यानं गेला त्यांचा, मी डोळ्यांनी पाहिलंय, आधी रात्र-रात्र उशाला बसून काढायचे मी. शाळेत चित्रकला शिकवायचे तेव्हापासून कुणाला वाकडा शब्द नाही, माझ्यावर हात नाही, आवाज नाही. मी काही बोलले की फक्त माझ्याकडे बघतात — असं, मूल चुकल्यावर मास्तर बघतो तसं — अन् थांबतात. माझं मीच मग चुकलं म्हणते. अशा माणसाच्या घरातून बाई कुठल्या दारानं निघणार? मारकुट्या नवऱ्याची बायको माहेरी गेली तर लोक हळहळतात. देवमाणसाची बायको गेली तर काय म्हणतील? तिलाच काहीतरी झालं असेल म्हणतील.

थांब. त्या पिशवीत काय आहे गं, ओल्या फडक्यात? — दाखव. दाखव म्हणते ना, मी काय खाणार आहे का. — अगं माय.

ही इन्सुलिनची बाटली आहे. सुई तुझी तूच टोचतेस का? कधीपासून — लग्नाच्या आधीपासून? अन् सासरी माहीत नव्हतं. आता कळलं, म्हणून तुला इथं आणलं, सुया सुटतील म्हणून. गुरुजींनी पत्र पाठवलं असेल, ‘साखरेचा विकार आहारानं जातो, निश्चिंत या.’ मला वाटलं तुला काही पोटाबिटाचं असेल. मला कुणी सांगत नाही, मी फक्त गाजरं किसते.

आज सकाळी घेतलीस का? — नाही. ‘इथं येऊन बंदच करायची’ म्हणाले लोटनभाऊ. पाणी किती वेळा प्यालीस? आल्यापासून तीन तांबे मीच दिले तुला. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. किस बाजूला ठेव. ठेव ती किसणी.

ऐक. चार वर्षांमागं पारोळ्याकडचे एक कौतिकभाऊ म्हणून आले होते, मुलीला घेऊन. तापी नाव तिचं, नदीवरून ठेवलेलं. अकरावीला होती. अशीच बाटली, असंच ओलं फडकं. आमच्याकडे रीत आहे, पहिला रस प्यायच्या आधी माणसानं आपली औषधं स्वतःच्या हातानं माझ्या त्या कुलपाच्या डब्यात टाकायची, ‘सोडलं’ म्हणायचं, अन् मग रस. तिनं टाकली. किल्ली माझ्या कमरेला, ही बघ. दुसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या, गुरुजी म्हणाले विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे. तिचा श्वास असा लांब-लांब चालला होता, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत होता. मी पोट चोळत बसले तिचं. तिसऱ्या दिवशी कौतिकभाऊ ह्या इथं, ह्या दारात येऊन उभे राहिले. ‘अक्का, पोर डोया उघाडत नही शे. ती बाटली द्या ना.’ गुरुजी मागंच होते. ते नाही म्हणाले नाहीत हो! म्हणाले, ‘द्यायची असेल तर दे. ज्यांची श्रद्धा नाही त्यांना आपण अडवत नाही.’ अन् माझ्याकडे बघितलं. किल्ली माझ्या हातात होती. काढलेली होती मी, हातात होती. डबा चार पावलांवर.

मी म्हटलं, गुरुजींना विचारा.

बस, एवढंच म्हटलं. गुरुजींना विचारा. ते कौतिकभाऊ खाली मान घालून ‘राहू द्या’ म्हणाले. संध्याकाळी जीप आणली मोठ्या दवाखान्यात न्यायला, तोवर उशीर झाला होता, रस्त्यातच गेली पोर. अन् दहाव्याच्या नंतर तो बाप इथं येऊन गुरुजींच्या पाया पडला — पाया पडला गं! — म्हणाला, आमचीच श्रद्धा कमी पडली. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी. त्यांना आजही वाटतं ती उशिरा आणली म्हणून गेली. पण मला माहीत आहे. मी नंतर रेल्वेच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईला विचारलं होतं, दुसऱ्याचंच म्हणून विचारलं. ती म्हणाली, अशा रोग्याची सुई एक दिवसही बंद करायची नसते, कुठलंही गवत तिची जागा घेत नाही. चार वर्षं हे माझ्या घशात आहे. बत्तीस वेळा चावलं तरी उतरत नाही.

तू कशाला रडतेस? रडू नको, वेळ नाही. तुझ्या सासऱ्याला मी हे सांगितलं तर ते कुणाचं ऐकतील, माझं का गुरुजींचं? अन् गुरुजी माझ्याकडे बघतील अन् मी पुन्हा म्हणेन, त्यांना विचारा. मला मी चांगली माहीत आहे. त्यांच्या तोंडासमोर माझ्याच्यानं होत नाही. म्हणून दुसरं काहीतरी — थांब, मटकीचा डबा काढू दे. हे बघ. शेव. तिखट, लसणाची, तेलात तळलेली. बाजारातून चोरून आणते मी, तळाशी ठेवते, न्हाणीघरात उभी राहून खाते. साठीला आलेली बाई! हसू नको आता. गुरुजींचा एक नियम आहे, बाकी सगळं माफ, पण चोरून खाल्लं की त्याच घटकेला घराबाहेर, परत प्रवेश नाही. एका व्यापाऱ्याला पेढ्यापायी काढला होता, फार मोठा माणूस होता, तरी काढला.

आणि त्या व्यापाऱ्याला तापीसारखी जीप नव्हती लागली, तो आपल्या पायानं नीट घरी गेला.

धर, ही पुडी पिशवीत घाल. थोडी तोंडाला लाव. लाव म्हणते! — जिना वाजला. बाटली फडक्यात नीट गुंडाळ. इथून निघालीस की पहिलं काम, सुई. वाटेत दवाखाना आहे, लाल पाटीचा, चक्कर येतेय म्हणून तिथंच खाली बस, सासरे उचलून आत नेतील. डॉक्टरला सगळं सांग. तुला शिव्या बसतील, कदाचित लोटनभाऊ हातही उचलतील, चटोर म्हणतील गावभर. होऊ दे. तू बोलायचं नाही, खाली बघायचं. बोलणं माझ्याकडे. मी काय-काय बोलेन ते मनावर घेऊ नको, माय —

गुरुजी! अहो गुरुजी, या इकडे आधी! बघा हे, हिच्या पिशवीत — शेव! तिखट शेव, तोंडसुद्धा पुसलेलं नाही बाईनं! मी गाजरं आणायला वळले तेवढ्यात! ह्या घरात, तुमच्या घरात, तेलात तळलेलं! — नाही लोटनभाऊ, तुम्ही पाया पडू नका, तिलाही पाडू नका, नियम म्हणजे नियम, बारा वर्षांत कुणाला सूट नाही. गुरुजी, तुम्ही माझ्याकडे बघू नका, तुमच्या नियमाकडे बघा! — काय म्हणता लोटनभाऊ, औषध तरी डब्यात ठेवून जाते? कशाला? अशा बाईची वस्तू माझ्या डब्यात नको. ने तुझी बाटली, ने! जिचा जिभेवर ताबा नाही तिच्या नशिबी सुईच! टोच म्हणावं रोज, सकाळ-संध्याकाळ टोच, केस पांढरे होईस्तोवर, नातवंडं मांडीवर खेळेस्तोवर टोचत राहा! — अन् पुन्हा ह्या दारात दिसू नको. नीघ. नीघ म्हटलं ना.